जुन्या बाजारातल्या वस्तूंतून हस्तकलेच्या सामानाची देखणी साठवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मणी, बटणं, लोकर, कागद, ब्रश, रंगाच्या बाटल्या, रिबिनी, कात्र्या. हे सगळं ठेवायला जुन्या बरण्या, टिनचे डबे, चमच्यांचे ट्रे, थाळ्या आणि फ्रेमा उत्तम कामाला येतात. पण बिघडलेल्या बहुतेक कामांत दोष रंगाचा नसतो, रंगाआधीच्या तयारीचा असतो. म्हणून खाली तयारीवरची उत्तरं लांब आहेत आणि सजावटीवरची त्या मानाने आखूड.

जुन्या बाजारात जाण्याआधी काय करायचं?

आधी सामान मोजा. कपाट किंवा टेबल नाही, सामान! जे नेहमी टेबलावर लोळत असतं, ज्याला स्वतःची जागाच नाही, त्याची यादी करा आणि प्रत्येकाची लांबी-रुंदी शेजारी लिहा. ए४ कागद २१ × २९.७ सेंटिमीटरचा असतो, म्हणजे डबा आतून निदान २२.५ × ३१ हवा. बारा इंची कागद ३०.५ सेंटिमीटरचा, त्याला ३१.५ लागतात. लांब दांड्याचा ब्रश ३० सेंटिमीटरपर्यंत जातो, विणकामाच्या सरळ सुया ३५ सेंटिमीटरच्या, क्रोशाची सुई साधारण १५.

डब्याचं माप आतून घ्या. लाकडी पेटीच्या भिंती सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जाड असतात. बाहेरून ३२ सेंटिमीटर दिसणारी पेटी आतून २९.५ निघते आणि कागद दुमडावा लागतो. बरणीचं तोंड ८ सेंटिमीटरपेक्षा अरुंद असेल तर आत हात जाणार नाही, सामान दर वेळी ओतून काढावं लागेल. मण्यांना ते चालतं, लोकरीला नाही.

पिशवीत मोजपट्टी, छोटं चुंबक आणि ओलं फडकं ठेवा. चुंबकाचा उपयोग पुढे कळेल.

कुठली वस्तू कशाला चांगली?

पसाऱ्यात पहिली उचलावी ती काट्या-चमच्यांच्या ट्रेसारखी कप्प्यांची वस्तू. तिचे कप्पे लांबट असतात, त्यामुळे ब्रश, पेन्सिली, पक्कड, कटर, घडीची पट्टी यांना ती जणू मापानेच केलेली वाटते. मफिनचा साचा आणि बर्फाचा ट्रे मण्यांना चांगला, पण तो उघड्यावर नको, खणात ठेवायचा. हात लागून उपडा झाला की बारा रंगांचे मणी निवडत बसावं लागतं.

चिरलेले टोस्ट उभे ठेवायचं तारेचं स्टँड किंवा ताटं वाळवायचा रॅक कागद, फेल्ट आणि स्टेन्सिल उभे ठेवायला घ्या. आडव्या ढिगातला खालचा कागद कधीच वापरला जात नाही, उभे कागद मात्र फाइलीसारखे चाळता येतात. तारांमधलं अंतर ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर पातळ कागद मधे वाकतो, त्यामागे जाड पुठ्ठ्याचा आधार द्यावा.

टिश्यू रोलचं उभं स्टँड रिबिनीच्या आणि कागदी चिकटपट्टीच्या रिळांना चालतं. रिळाच्या मधल्या भोकात दांडा जातो का, ते आधी पाहा. मसाल्यांच्या बाटल्यांचा रॅक ॲक्रिलिक रंगाच्या ६० मिलिलिटरच्या बाटल्यांसाठी घेतला जातो, आणि फसगत हमखास होते ती दोन फळ्यांमधल्या उंचीत. आपली एक बाटली बरोबर नेली तर ही चूक होत नाही.

लोकरीला चहाची किटली छान दिसते. गुंडा आत, टोक चोचीतून बाहेर. पण पुष्कळ किटल्यांना चोचीच्या मुळाशी चिनीमातीचीच चाळणी असते, तिथून लोकर ओवता येत नाही. झाकण उघडून बघा. धातूची चाळणीही चालते, एका भोकातून एक रंग. मात्र भोकांच्या कडांवरून बोट फिरवा, खरखरीत कड लोकरीचे धागे ओढते.

जुनी कडक सूटकेस कापडाला. लाकडी खण सुटे मिळाले तर ते भिंतीवरच्या उथळ कपाटासारखे टांगता येतात. केकचं उंच स्टँड रोज लागणाऱ्या चार-पाच वस्तूंना बरं, त्याखाली दुसरी वाटी बसते आणि टेबलाची तेवढी जागा वाचते.

काय अजिबात घेऊ नये?

ओलाव्याने फुगलेली भुशाच्या पाट्यांची पेटी. ती पुन्हा सपाट होत नाही आणि स्क्रू धरत नाही. बुरशी आलेली वेताची टोपली, कारण बुरशी विणीच्या आत असते आणि पुसून जात नाही. नॉन-स्टिक थर असलेली भांडी, त्यावर रंगही बसत नाही आणि गोंदही. काचेला केसाएवढा तडा असेल तर तीही सोडा. चिनीमातीच्या चकाकीवरचं बारीक जाळं मात्र चालतं, आपण त्यात खायला वाढत नाही.

तडा शोधायचा तर वस्तू तळहातावर धरून नखाने टिचकी मारा. अखंड वस्तू किणकिणते, तडा गेलेली बद्द वाजते.

बरणीवरचं लेबल निघालं, पण चिकटा राहिला. काय करू?

गरम पाण्यात धुण्याचा सोडा घाला, लिटरला एक मोठा चमचा, आणि बरणी अर्धा तास बुडवून ठेवा. कागद आपोआप सुटतो. उरलेल्या चिकट्यावर स्वयंपाकाचं तेल आणि खाण्याचा सोडा समसमान कालवून लावा, दहा मिनिटांनी जुन्या कापडाने गोल गोल चोळा. तरीही राहिलं तर अल्कोहोलचं स्पिरिट. तेल वापरलं असेल तर शेवटी साबणाने दोनदा धुवा आणि मग स्पिरिटने पुसा. डोळ्यांना काच स्वच्छ दिसते, पण तेलाचा पातळ पापुद्रा राहिलेला असतो आणि रंग त्याच्यावरूनच सोलून येतो.

लाकडी पेटीला कुबट वास येतो.

आधी कोरडी झाडून व्हॅक्यूम करा, आतला अस्तराचा कागद किंवा कापड काढून टाका. वास पुष्कळदा त्यातच मुरलेला असतो. मग पेटी उघडी ठेवून दोन-तीन दिवस ऊन द्या. जोडांना भेगा पडू नयेत म्हणून भर दुपारच्या कडक उन्हात ठेवू नका. त्यानंतर वाटीभर खाण्याचा सोडा किंवा ॲक्टिव्हेटेड कोळसा आत ठेवून झाकण बंद करा, आठवडाभर. इतकं करूनही वास राहिला तर आतल्या बाजूला लाखेच्या वार्निशचे दोन हात मारा. लाख वास आत कोंडून टाकते. अत्तर किंवा रूम फ्रेशनर मारून काही होत नाही, दोन वास होतात एवढंच.

लाकडात बारीक भोकं आहेत. किडा असेल का?

भोकांखाली काळा कागद पसरून पेटी आठवडाभर तशीच ठेवा. कागदावर ताजी, पिठासारखी भुकटी पडली तर किडा जिवंत आहे. ती वस्तू इतर लाकडापासून लगेच दूर करा. लहान पेटी असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंश सेल्सिअसच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर हवेतला दमटपणा लाकडावर पाणी होऊन बसतो. भुकटी पडली नाही तर भोकं बहुधा जुनी आहेत, लांबी (भोकं बुजवायची पुट्टी) भरून मोकळे व्हा.

टिनच्या डब्याला गंज आहे. तो काढून रंगवता येईल?

गंजाने पत्र्याला भोक पाडलं नसेल तर येईल. वरवरचा गंज १२० नंबरच्या पॉलिश पेपरने, मग २२० ने. खोल गंज असेल तर डबा पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा, सकाळी तारेच्या ब्रशाने घासा. पुढची पायरी लोक विसरतात: पाण्यात मूठभर खाण्याचा सोडा घालून त्यात डबा खंगाळायचा, म्हणजे आम्लाचा अंश मरतो. लगेच पुसून हेअर ड्रायरने किंवा उन्हात कडकडीत वाळवा. उघडा पडलेला ओला पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होतो. त्यामुळे धातूचा प्रायमर (रंग नीट धरावा म्हणून रंगाआधी द्यायचा थर) त्याच दिवशी मारायचा, उद्यावर टाकायचं नाही.

छापील चित्राचा जुना डबा असेल तर व्हिनेगरमध्ये बुडवू नका, चित्र मंद पडतं. गंज फक्त तळाला आणि कडेला असेल तर तेवढाच घासून त्यावर पारदर्शक वार्निश द्या. ते चित्र हीच त्याची सजावट, वरून फुलं चिकटवायची गरज नाही.

कापलेल्या डब्याची कड हात कापते. सुरक्षित कशी करायची?

पकडीने कड आतल्या बाजूला दाबत पूर्ण वळसा घ्या, मग बारीक कानशीने घासा. त्यावर पातळ प्लॅस्टिकची नळी उभी चिरून कडेवर सरकवा किंवा कापडी पट्टी दुमडून चिकटवा. नुसती शोभेची लेस लावून थांबू नका. लेस दोन महिन्यांत सैल होते आणि धारदार कड खालून वर येते.

जुन्या रंगाखाली शिसं असेल का?

वस्तू किती जुनी हे माहीत नसेल, तर असू शकतं असंच धरून चाला. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, पुष्कळ देशांत त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. जाड, मगरीच्या पाठीसारखा तडकलेला जुना रंग दिसला तर तो कोरडा घासायचा नाही. धोका धुळीत असतो. पाणी शिंपडून ओल्या पॉलिश पेपरने फक्त सुटलेली पापुद्री काढा, शिशाच्या धुळीसाठीचा (एन१०० किंवा पी१००) मास्क लावा, खाली प्लॅस्टिक अंथरा आणि ते गुंडाळून टाकून द्या. मुलं त्या खोलीत नकोत. घासण्यापेक्षा ती वस्तू बाजारातच सोडणं शहाणपणाचं, विशेषतः लहान मुलांचं क्राफ्टचं सामान तिच्यात जाणार असेल तर.

रंग नखाने खरवडला की पापुद्र्यासारखा का निघतो?

कारण सगळ्या वस्तू एकाच तयारीने रंगवल्या जातात. खरं तर प्रत्येक पृष्ठभागाचं खाणंपिणं वेगळं.

काच: साबण, पाणी, मग स्पिरिट. त्यानंतर बोट लावायचं नाही, बरणी आतून धरायची. साधा ॲक्रिलिक काचेवर टिकत नाही. काचेसाठीचा इनॅमल ॲक्रिलिक घ्या किंवा आधी चिकटणारा प्रायमर मारा. रंग नेहमी बाहेरून. आतून मारला तर मणी आणि बटणं घासून तो उडवतात.

प्लॅस्टिक: तळाशी त्रिकोणातला आकडा पाहा. २, ४ किंवा ५ असेल तर ते पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन, आणि त्यांना साधा रंग आणि बहुतेक गोंद धरत नाहीत. प्लॅस्टिकचा खास प्रायमर नसेल तर रंगाचा नाद सोडा आणि कापडाची किंवा विणलेली खोळ घाला. ती धुताही येते.

जस्ताचा मुलामा असलेली बादली: ही फसवी वस्तू. तिच्यावर तेलरंग पहिले काही महिने सुरेख दिसतो आणि मग पत्र्यासारखा सुटतो, कारण जस्त आणि तेलरंग यांची प्रक्रिया होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो. बादली व्हिनेगरने पुसा, धुवा, वाळवा आणि पाण्याचा, जस्तासाठीचा प्रायमर मारा.

स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम: दोन्ही फार गुळगुळीत. २२० नंबरने चकाकी जाईपर्यंत घासा, मग धातूला चावून धरणारा प्रायमर. इथेच चुंबक कामाला येतं. डब्याला चुंबक चिकटलं तर त्यावर चुंबकाची लेबलं आणि सुयांची पट्टी लावता येते. पुष्कळ स्टेनलेस स्टीलला चुंबक लागतच नाही, ॲल्युमिनियमला तर कधीच नाही.

लाकूड सगळ्यांत सोपं. १२०, १८०, २२० या क्रमाने, रेषांच्या दिशेने घासायचं. रेषांना आडवं घासलं तर ओरखडे रंगाखालून उठून दिसतात.

स्प्रे मारायचा की ब्रशने रंगवायचं?

जाळी, वेत, तारा असतील तर स्प्रे, कारण ब्रशाने रंग विणीच्या भोकांत साचतो. सपाट लाकूड आणि डबे ब्रशने किंवा लहान स्पंज रोलरने. स्प्रे २० ते ३० सेंटिमीटरवरून, हात सतत हलता ठेवून. बटण वस्तूच्या बाहेर दाबायचं आणि बाहेरच सोडायचं. पहिला हात इतका पातळ की खालचं दिसत राहावं. दोन हातांत दहा-पंधरा मिनिटं. एकाच जाड हातात काम उरकलं की ओघळ आलाच. ओघळ ओला असताना पुसू नका, पूर्ण वाळू द्या, मग ४०० नंबरने घासून तेवढ्यावर पुन्हा मारा.

दमट हवेत, पावसाच्या दिवशी वार्निश मारू नका. ते दुधाळ होतं. आणि काम उघड्या हवेत करा, स्प्रेचा वास बंद खोलीत कोंडला की डोकं धरतं.

पांढऱ्या रंगातून पिवळट-तपकिरी डाग वर येत आहेत. आणखी एक हात मारू?

मारू नका, दहा हात मारले तरी ते येतील. गडद लाकडातलं टॅनिन पाण्याच्या रंगात विरघळून वर येतं, जुन्या पॉलिशचंही तसंच. वाळलेल्या रंगावरच लाखेच्या आधाराचा, डाग अडवणारा प्रायमर एक हात मारा आणि मग पांढरा रंग. पुढच्या वेळी गडद लाकूड पांढरं करायचं असेल तर हा प्रायमर सुरुवातीलाच.

रंगवल्यावर खण बसेना किंवा झाकण चिकटून राहतं.

रंगाचे तीन-चार हात मिळून जाडी वाढते. खणाच्या बाजू, तळ आणि आतल्या सरकपट्ट्या मुळी रंगवायच्याच नाहीत, फक्त पुढचा दर्शनी भाग रंगवायचा. रंगवून झालंच असेल तर बाजू घासून प्रत्येकीकडे दीड मिलिमीटर मोकळीक आणा आणि सरकणाऱ्या भागांवर मेणबत्ती घासा.

चिकटण्याचं कारण वेगळं आहे. ॲक्रिलिक रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण पक्का व्हायला दोन ते चार आठवडे घेतो. तोवर रंगावर रंग दाबून राहिला तर ते एकमेकांना धरतात आणि उघडताना एकाचा पापुद्रा दुसऱ्यावर जातो. तेवढे दिवस झाकण उघडं ठेवा किंवा मधे बटर पेपर घाला.

कागद चिकटवून सजवलं तर सुरकुत्या आणि फुगे येतात.

बहुधा गोंदात पाणी जास्त झालंय. पीव्हीए (साधा पांढरा) गोंद दोन भाग, पाणी एक भाग, इतकंच. कागदी रुमाल वापरत असाल तर त्याचे थर वेगळे करा. तो दोन किंवा तीन पदरी असतो आणि आपल्याला फक्त छापील पदर हवा. खालचा पांढरा पदर राहिला तर कागद काही दिवसांनी मधोमध सुटतो. गोंद वस्तूवर लावा, कागदावर नाही. कागद मध्यभागी टेकवून बाहेरच्या बाजूला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या बोटाने दाबत जा. जाडसर कागद असेल तर आधी पाच मिनिटं ओलसर करून घ्या, म्हणजे त्याचं फुगणं चिकटवण्याआधीच होऊन जातं.

रुमाल पातळ, म्हणून खालचा रंग पांढरा किंवा फिकट हवा. काळ्या डब्यावर गुलाबाची फुलं राखाडी दिसतात. इंकजेटवर छापलेला कागद गोंदाने फुटतो, त्यावर आधी फिक्सेटिव्हचे (शाई पक्की धरणाऱ्या स्प्रेचे) दोन फवारे मारा किंवा लेसर प्रिंट घ्या. चोवीस तास वाळल्यावर वार्निशचे तीन पातळ हात.

थाळ्या आणि मेणबत्तीच्या स्टँडचं तीन मजली स्टँड कसं जोडायचं?

थाळ्या साधारण २६, २० आणि १५ सेंटिमीटर व्यासाच्या घ्या. मधे १० ते १२ सेंटिमीटर उंचीचे दोन आधार, मेणबत्तीचे स्टँड किंवा उपडे पेले. आधाराचा तळ निदान ६ सेंटिमीटर रुंद असावा, नाहीतर एका बाजूला बटणांची वाटी ठेवली की सगळं कलतं.

१. थाळी कागदावर उपडी ठेवून कड आखा, गोल कापा, चार घड्या घाला. घड्या जिथे छेदतात तो मध्य. कागद थाळीवर ठेवून खूण करा.
२. जोडाच्या दोन्ही जागा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करा. चकाकीवर गोंद नुसता बसतो, धरत नाही. मग स्पिरिटने पुसा.
३. दोन ट्यूबचा इपॉक्सी समप्रमाणात घ्या आणि एक मिनिट भर नीट घोटा. प्रमाण चुकलं तर तो कायमचा चिकट राहतो. पाच मिनिटांत पकडणाऱ्यापेक्षा सावकाश वाळणारा घ्या, सरळ करायला वेळ मिळतो आणि जोडही जास्त पक्का होतो.
४. एका वेळी एकच जोड. वर जाड पुस्तकाचं वजन, चोवीस तास.
५. प्रत्येक मजला दोन बाजूंनी डोळ्यांच्या पातळीवर आणून बघा. पहिला जोड दोन मिलिमीटर कलला तर तिसरा मजला डोळ्यांत खुपतो.

हे स्टँड उचलायचं ते सर्वांत खालच्या थाळीला धरून. वरच्या थाळीला धरून उचललं की जोड कधीतरी सुटणारच.

गोंद नको, छिद्र पाडून दांडा घालायचा आहे.

चिनीमातीला हिऱ्याच्या कणांचं बिट लागतं, ६ मिलिमीटर पुरे. जागेवर मास्किंग टेप लावा, बिट आधी ४५ अंशांत टेकवून खाच पाडा आणि मग उभं करा. वेग सर्वांत कमी, दाब हलका, पाण्याचे थेंब सतत. थाळीखाली लाकडाचा तुकडा ठेवा. बिट आरपार जायच्या बेताला आलं की हात आणखी हलका करा, कपचा तिथेच उडतो. टेम्पर्ड (तापवून कडक केलेल्या) काचेला छिद्र पडत नाही, ती क्षणात चुरा होते. काच टेम्पर्ड आहे की नाही अशी शंका असेल तर गोंदच बरा.

बरण्या फळीखाली टांगता येतात?

हो, आणि टेबलाची जागा वाचवायला यासारखं दुसरं काही नाही. धातूचं झाकण फळीच्या खालच्या बाजूला स्क्रूने बसवायचं आणि बरणी खालून फिरवून लावायची. स्क्रू दोन हवेत, एकमेकांपासून जितके दूर तितके चांगले. एकाच स्क्रूवर झाकण बरणीबरोबर गरगर फिरतं आणि बरणी उघडतच नाही. १८ मिलिमीटरच्या फळीला १५ मिलिमीटरचे स्क्रू वापरा, म्हणजे टोक वर निघत नाही. वायसर घाला. दोन बरण्यांत ४ सेंटिमीटर अंतर ठेवा, हात फिरायला जागा लागते.

प्लॅस्टिकची झाकणं इथे वापरू नका. आणि वजनाचा अंदाज घ्या: काचेच्या मण्यांनी भरलेली एक लिटरची बरणी जवळजवळ दीड किलोची होते, त्यात बरणीचं वजन वेगळं. टांगायला २०० ते ३०० मिलिलिटरच्या बरण्या पुरे. मोठ्या बरण्यांत लोकर, कापसाचे गोळे, पिसं असं हलकं सामान.

फोटोफ्रेममधून दोऱ्याच्या रिळांचा रॅक कसा करायचा?

काच काढून ठेवा. फ्रेमच्या मागे १२ मिलिमीटरचा प्लायवूड बसवा. ६ मिलिमीटरचा घेतला तर दांडे हलायला लागतात. ५ मिलिमीटर जाडीच्या गोल लाकडी काठीचे ६ सेंटिमीटरचे तुकडे कापा. भोकं आडवी ४.५ आणि उभी ८ सेंटिमीटर अंतरावर, एक सेंटिमीटर खोल, आणि वरच्या बाजूला दहा-पंधरा अंश तिरकी. हा तिरकेपणा महत्त्वाचा, सरळ दांड्यावरून रीळ घसरून पडतं. प्लायवूड आधी रंगवा किंवा कापडाने मढवा, दांडे नंतर बसवा. भिंत उन्हाची नको, दोरे विटतात आणि कच्चे होतात.

सगळं ग्लू गनने चिकटवलं तर?

लेस, मणी, कापडी फूल एवढ्यापुरती ती ठीक. काच आणि धातूवर तो गोंद वरवर बसतो, थंड झाल्यावर नखाने अखंड निघतो, आणि गरम खिडकीपाशी मऊ पडतो. वजन पेलायचं काम त्याला देऊ नका.

कुठलं सामान कशात ठेवू नये?

कच्ची पॉलिमर क्ले (भाजल्यावर कडक होणारी प्लॅस्टिकची माती) कडक पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये नको. तळाशी ६ आकडा असेल तर तो पॉलिस्टायरीन, आणि क्लेमधलं प्लास्टिसायझर (तिला मऊ ठेवणारं द्रव्य) त्याला विरघळवून चिकट करतं. काच, किंवा ५ आकड्याचं प्लॅस्टिक चालतं. रबरी आणि पारदर्शक स्टॅम्प मऊ पीव्हीसीच्या पिशवीत चिकटतात. चांगले कागद उघड्या लाकडी पेटीत वर्षभर राहिले तर कडा पिवळ्या पडतात, लाकूड आम्ल सोडतं. पेटीला आम्लरहित कागदाचं अस्तर द्या.

ब्रश ओले असताना उभे ठेवू नका. पाणी केसांच्या मुळाशी, धातूच्या कडीत उतरतं, तिथला गोंद सुटतो आणि ब्रश केस गाळायला लागतो. आडवे वाळवा, मग केस वर करून उभे. दोन टोकांचे अल्कोहोल मार्कर कायम आडवे, उभे ठेवले तर वरचं टोक कोरडं पडतं. त्यांना चमच्यांचा ट्रे सरस.

खडूने लिहायची लेबलं पुसली तरी अक्षरं उमटून राहतात.

फळ्याचा रंग तीन दिवस वाळू द्या. मग पहिलं अक्षर लिहिण्याआधी खडू आडवा धरून सगळा पृष्ठभाग पांढरा करा आणि कोरड्या फडक्याने पुसा. रंगाची बारीक छिद्रं खडूच्या भुकटीने भरतात. ही पायरी चुकली की पहिला लिहिलेला शब्द तिथे कायमचा बसतो, आणि मग त्या बरणीत आयुष्यभर बटणंच ठेवावी लागतात.

वेताची टोपली कडकड मोडते. वाचेल?

वेत सुकून ठिसूळ झालाय. कोमट पाणी फवारून ओल्या टॉवेलात अर्धा तास गुंडाळा, मऊ झाल्यावर आकार सरळ करा, आत वजन ठेवून सावलीत वाळवा. निघालेली टोकं पाण्यात न विरघळणाऱ्या लाकडाच्या गोंदाने चिकटवून कपड्याच्या चिमट्याने रात्रभर धरून ठेवा. लोकर ठेवणार असाल तर आत अस्तर हवंच, वेताची टोकं लोकर ओढतात.

जुनं पितळ किंवा जुनं लाकूड रंगवावं का?

घाई करू नका. पितळेवरची काळपट झाक, हाताने केलेले जोड, जुनं पॉलिश हे एकदा घासून काढलं की सहजासहजी परत येत नाही. तशी वस्तू धुऊन, मेण लावून जशीच्या तशी वापरा. रंगाला उमेदवार असतो तो मामुली टिन, फुटकळ प्लायवूड, ओरखडलेली लॅमिनेटची पेटी. ओरखडलेलं लॅमिनेट रंगवण्याआधी २२० नंबरने घासून चिकटणारा प्रायमर मारायचा, तो चुकवला तर वर सांगितलेला पापुद्र्याचा खेळ पुन्हा सुरू.

सामान कधी भरायचं?

इपॉक्सीचे जोड चोवीस तासांनी. ॲक्रिलिकवर वार्निश दिलेल्या डब्यात हलकं सामान तीन दिवसांनी, जड किंवा धारदार सामान दोन आठवड्यांनी. तेलरंगाचा वास पूर्ण गेल्याशिवाय कापड आणि लोकर ठेवू नका, त्यांना वास लागतो. टेबलावर ओरखडे पडू नयेत म्हणून तळाला फेल्टचे गोल तुकडे लावा. गोल तळाला तीन पुरेत, चौथ्यामुळे वस्तू डुगडुगते.